विषारी नाही. बरं, मग?

व्हर्जिनियातल्या या घरात राहायला आलो, त्या पहिल्याच मे महिन्यात मागच्या ओकच्या खोडावर मला एक काळा पाइप लोंबताना दिसला. बागेला पाणी घालायचा पाइप नवऱ्याने नेहमीसारखा कुठेतरी भिरकावला असणार, म्हणून तो गुंडाळायला मी पुढे गेले आणि पाइप वर सरकला. खोड सरळसोट, पहिली फांदी माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. आणि हा हात-पाय-नखं काही नसलेला प्राणी घाई न करता, मध्ये मध्ये थांबून, सालीच्या भेगेत अंग अडकवत वर चालला होता. वर एक जुनी ढोली होती. डोकं आत गेलं, मग हळूहळू सगळा साप आत ओढला गेला. शेपटीचं टोक शेवटी एकदा हललं आणि खोड पुन्हा नुसतं खोड झालं.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं. तिने एकच विचारलं, “विषारी होता का गं?”

“नाही गं. रॅट स्नेक. बिनविषारी.”

“मग ठीक आहे,” आई म्हणाली आणि आम्ही मामेभावाच्या साखरपुड्याकडे वळलो.

आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. मीही ढोलीपासून मागे सरकत फोनवर तोच शोधला होता. पण उत्तर “नाही” आलं की आपण लगेच मोकळे होतो, याचं मला त्या रात्री पहिल्यांदा नवल वाटलं. बिनपगारी, बिनकामाचा, बिनडोक, तसा बिनविषारी. एवढा पाच-सहा फुटी जीव, आणि त्याची ओळख काय, तर एक गोष्ट त्याच्याकडे नाही.

शास्त्रज्ञांनीही त्याच्याशी फार वेगळं केलं नाही. १८१९-२० मध्ये मेजर स्टीफन लाँग यांची मोहीम मिसूरी नदीच्या मुलखातून पश्चिमेकडे गेली, तिच्यात टॉमस से नावाचे निसर्गशास्त्रज्ञ होते. कीटकांवरच्या कामासाठी ते जास्त ओळखले जातात. त्या प्रवासात पाहिलेल्या या सापाचं वर्णन १८२३ साली छापलं गेलं आणि त्याला नाव मिळालं ‘ऑब्सोलेटस’. लॅटिनमध्ये पुसट झालेला, झिजून गेलेला. अंगावरची नक्षी दिसेनाशी झालेला, एवढाच अर्थ. म्हणजे इथेही ओळख नसलेल्या गोष्टीवरूनच.

ती नक्षी लहानपणी मात्र ठसठशीत असते. अंड्यातून बाहेर पडणारं फूटभर लांबीचं पिल्लू राखाडी असतं आणि त्याच्या पाठीवर गडद तपकिरी चट्टे असतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत काळा रंग त्यांच्यावर चढत जातो. पूर्ण वाढलेला साप चकचकीत काळा, हनुवटी आणि गळा पांढरा, पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी. उन्हात अंग ताणलं की खवल्यांच्या मधली कातडी दिसते आणि तिथे जुन्या चट्ट्यांची पुसट आठवण उरलेली असते. ही चट्टेरी पोरं दरवर्षी नाहक मारली जातात, कारण लोकांना ती कॉपरहेड वाटतात. कॉपरहेड विषारी आणि या राज्यात सगळीकडे सापडणारा. फरक सांगायला सोपा आहे: कॉपरहेडचे पट्टे पाठीच्या मध्यावर अरुंद आणि बाजूंना रुंद होतात, डमरू आडवा ठेवावा तसे. पण हातात फावडं घेतलेल्या माणसाला डमरू कोण समजावणार?

नावाचं लचांड पुढेही संपलं नाही. पूर्वी रंगावरून याच्या पोटजाती पाडल्या होत्या: उत्तरेकडे काळा, दक्षिणेत राखाडी, फ्लोरिडाकडे पिवळा आणि अंगावर चार उभ्या रेघा. २००० सालच्या आसपास जनुकं तपासली तेव्हा कळलं की रंगाचा आणि वंशाचा मेळच बसत नाही. वंश वेगळे झाले होते ते मिसिसिपी नदी आणि अॅपलेशियन डोंगर यांच्या आडोशाने. एकाच्या तीन जाती झाल्या. मग त्यांच्या सीमा आणि नावं यांवर वाद सुरू झाला, तो आजही चालू आहे. शेजारच्या आजोबांना मी हे उत्साहाने सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आम्ही त्याला ब्लॅक स्नेक म्हणतो.”

मराठीत याला नाव नाही, असायचं कारणही नाही. इंग्रजीत धामणीलाही रॅट स्नेकच म्हणतात, त्यामुळे मी सुरुवातीला दोघांना एकाच माळेत ओवलं होतं. पण धामण भक्ष्याला विळखा घालून मारत नाही. ती जबड्यात धरते, फार तर अंगाखाली दाबते आणि गिळायला लागते. हा मात्र पक्का विळखेवाला.

विळखा म्हणजे गुदमरवणं, असं मी शाळेपासून समजत आले होते. आत्ताचे प्रयोग वेगळं सांगतात. बोआ सापांवर केलेल्या २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं की विळखा बसल्यावर काही सेकंदांतच उंदराचा रक्तदाब कोसळतो. श्वास संपायची वाट कोणी बघत नाही, रक्तच फिरायचं थांबतं. त्याआधी २०१२ मध्ये त्याच गटाने मेलेल्या उंदरांच्या आत कृत्रिम हृदय बसवून ते बोआंना दिले होते. ‘हृदय’ धडधडत होतं तोवर साप जोर लावत राहिले आणि थांबल्यावर त्यांनी पकड सैल केली. बोआ वेगळ्या कुळातला, त्यामुळे त्याचं सगळं याला जसंच्या तसं लावू नये. पण कुणाच्या छातीतले ठोके आपल्या बरगड्यांनी मोजणं कसं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही. आणि याचाही बाप आहे बरं का. किंगस्नेक. दोघांच्या अंगात स्नायू जवळपास सारखेच, पण किंगस्नेकचे वेढे स्प्रिंगसारखे नेटके बसतात आणि दाब जास्त पडतो. आपल्यापेक्षा मोठ्या रॅट स्नेकलाही तो आवळून गिळू शकतो.

हे सगळं वाचलेलं. हाताला कळलं ते तिसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये, आणि तेही माझ्या चुकीने.

ब्लूबेरीची चार झुडपं लावली होती. पाखरं एकही फळ ठेवीनात, म्हणून मी त्यांच्यावर प्लास्टिकची बारीक जाळी टाकली आणि तिची उरलेली झोळ खाली गवतात तशीच लोळू दिली. एका सकाळी त्या झोळात काळं वेटोळं दिसलं. साप जाळीतून पुढे गेला होता, गळ्यापर्यंत सहज, मग अंग जाड झालं आणि अडकला. मागे येणं त्याला शक्यच नव्हतं. खवले कौलांसारखे एकावर एक, मागच्या बाजूला उघडे. पुढे जाताना धागा त्यांच्यावरून घसरतो आणि मागे येताना बरोबर त्यांच्या खाली शिरतो. तो जितका धडपडला तितके फास वाढले. मी जवळ गेले तसं शेपटीचं टोक वाळक्या पानांत इतक्या जोरात थरथरवलं, की खुळखुळ्या साप, म्हणजे विषारी रॅटलस्नेक, समजून मी उडीच मारली. त्याच्या शेपटीला खुळखुळा नाही. पण पानांचा आवाज तसाच येतो.

आजोबांना हाक मारली. त्यांनी शांतपणे मानेमागे धरलं आणि मला म्हणाले, नखं कापायची कात्री आण. सव्वा तास मी एकेक धागा कापत होते. पहिल्या पाचच मिनिटांत त्याने शेपटीजवळच्या ग्रंथींतला वास आमच्यावर सोडला. सडलेली मेथी आणि ओलं कुत्रं एकत्र केलं तर जवळपास पोचेल. तो शर्ट मी शेवटी टाकूनच दिला. आजोबांची पकड एकदा निसटली, तेव्हा तो मला चावला. मनगटावर सुया टोचल्यासारख्या बारीक वळणदार ठिपक्यांच्या ओळी उठल्या. याच्या वरच्या जबड्यात दातांच्या चार रांगा असतात आणि खालच्यात दोन, सगळे मागे वळलेले. विष नाही. साबणाने हात धुतला, संध्याकाळपर्यंत चुरचुरला. एवढंच काय ते “बिनविषारी” या शब्दाचं माझ्या आयुष्यातलं प्रत्यक्ष काम.

पण त्या सव्वा तासात तो माझ्या मांडीवर होता. साप गोल नसतो, निदान हा नसतो. आडवा छेद घेतला तर पावाच्या लादीसारखा दिसेल: वर घुमट, खाली सपाट, आणि जिथे पोट कुशीला मिळतं तिथे दोन्हीकडे धारदार कड. बोट फिरवल्यावर ती कड नखाला लागत होती. पोटाखालचा प्रत्येक आडवा खवला तिथे काटकोनाच्या आसपास वळलेला असतो. ओकच्या सालीत रुतत होती ती हीच. हात-पाय-नखं काही नाही, असं मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं. नखं होती. दोन्ही कुशींना, मानेपासून शेपटीपर्यंत.

शेवटचा धागा सुटल्यावर तो पळाला नाही. गवतावर नागमोडी, जागोजागी वाकड्या अंगाने तसाच पडून राहिला. भ्यायला की हे साप असे आकसून थिजतात, लांबून वाळकी फांदी वाटते. दहा मिनिटांनी फांदी उठून गेली. जाळी मी त्याच दिवशी काढून टाकली. ब्लूबेरी अजूनही पाखरंच खातात.

पाखरांचा हिशेब मात्र इतका सोपा नाही.

मागच्या कुंपणाजवळ खांबावर मी ब्लूबर्डसाठी लाकडी पेटी लावली होती. निळा नर, विटकरी छातीची ती दोघं, फिकट निळी पाच अंडी. मी रोज टाचा उंचावून बघायचे. पिल्लं निघाली. बाराव्या दिवशी पेटी उघडली तर आत पिल्लं नव्हती. साप होता, पेटीच्या मापात गुंडाळलेला, अंगावर पाच फुगवटे. नर समोरच्या तारेवर बसून ओरडत होता. मला राग आला. इतका, की त्या क्षणी आजोबांसारखा कोणी शहाणा माणूस शेजारी नसता तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही. नंतर आम्ही खांबाला पत्र्याचं रुंद नळकांडं बसवलं, त्याच्यावरून सापाला चढता येत नाही. पण तो राग पूर्ण गेला, असं मी म्हणणार नाही.

कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या ओपिनिकन तळ्याकाठी पॅट्रिक वेदरहेड आणि गॅब्रिएल ब्लुआँ-डेमेर यांनी या सापांच्या पोटात छोटे रेडिओ बसवून वर्षानुवर्षं त्यांचा माग काढला. या सापांच्या पसाऱ्याची ती उत्तरेकडची टोकाची हद्द, तिथे ऊब हीच मोठी दौलत. साप जास्तीत जास्त वेळ रानाच्या कडेला घालवतात, हे आधीपासून दिसत होतं. लोकांची समजूत अशी की तिथे पाखरांची घरटी जास्त, म्हणून. पण या दोघांच्या नोंदींनी वेगळंच सांगितलं. कडेला सर्वांत जास्त कोण? पोटात अंडी असलेल्या माद्या, कात टाकायला आलेले साप आणि जेवून पचवत पडलेले साप. म्हणजे ज्यांना ऊब हवी ते. दोन हातांवर ऊन, दोन हातांवर सावली. गार रक्ताच्या जिवाला अंगाचा पारा जुळवायला याहून बरी जागा नाही. साप उन्हासाठी आला, आणि आलाच आहे तर घरटं दिसलं.

आता रानाला कड कोणी पाडली? माझ्या घरामागे ओकचं जंगल सरळ रेषेत तुटतं आणि लॉन सुरू होतं. त्या रेषेवर, नेमकी तिथेच, मी पेटी लावली होती.

घरटं त्याला कसं सापडतं, तेही ऐकण्यासारखं आहे. वास, जीभ हे आहेच, पण पक्ष्यांच्या बाबतीत तो डोळ्यांनीही शोधतो. चोचीत अळी घेऊन दर दहा मिनिटांनी एकाच झुडपात शिरणारी आई त्याला पत्ताच सांगत असते. टेक्सासमध्ये घरट्यांशेजारी अंधारात चालणारे कॅमेरे लावले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली: रॅट स्नेक घरट्यांवर बहुतेकदा रात्री येतात, आणि कधी कधी घरट्यात बसलेली मादीच गाठतात. दिवसा घरटं हेरायचं आणि रात्री परत यायचं, असा बेत असतो का? मला तसं मानायला आवडेल. पण मला आवडणं हा पुरावा नाही.

पाखरांनीही काही शिकून ठेवलंय. आग्नेय अमेरिकेतल्या पाइनच्या रानात एक छोटा सुतार पक्षी आहे, रेड-कॉकेडेड वुडपेकर. बाकीचे सुतार बहुतेक मेलेल्या किंवा कुजक्या लाकडात ढोली कोरतात, हा जिवंत पाइनमध्ये. त्याला कित्येकदा वर्षंच्या वर्षं लागतात. ढोली झाली की तिच्या वर-खाली तो सालीत छोटी भोकं पाडतो आणि रोज ती टोकरून ताजी ठेवतो. त्यांतून राळ वाहते, खोड मेणबत्तीसारखं पांढरं दिसतं. वर सवड काढून आसपासची साल सोलून गुळगुळीतही करतो. हा सगळा खटाटोप कोणासाठी? मुख्यतः या एका सापासाठी. राळ पोटाच्या खवल्यांना चिकटते, साप मागे फिरतो. एखाद्या पक्ष्याने पिढ्यानपिढ्या, रोज सकाळी, कोणाची एवढी दखल घेतली असेल तर तो “बिनविषारी” इतकाच कसा?

कॅन्सस विद्यापीठाचे हेन्री फिच यांनीही घेतली होती. १९४८ मध्ये विद्यापीठाच्या राखीव रानावर ते देखरेखीला आले आणि कुटुंबासह तिथेच राहिले, नंतरची पन्नासहून जास्त वर्षं. रोज पायी फेरी, सापळे तपासायचे, साप मोजायचा, खूण करायची, सोडायचा. या काळ्या सापावरचा त्यांचा लेख १९६३ चा. त्यात नाट्य नसतं. वजनं असतात, लांब्या असतात, कोणता साप किती वर्षांनी कुठे पुन्हा भेटला ते असतं. त्या रानात गुरांची चराई बंद झाली, गवताळ माळावर झाडं चढत गेली आणि सापांची सगळी मांडणीच हळूहळू बदलली. ती बदलताना बघायला एकच माणूस सतत हजर होता. २००९ मध्ये, नव्व्याण्णवाव्या वर्षी ते गेले. अशा माणसांची नावं रस्त्यांना देत नाहीत.

मीही वही घातली आहे. माझी वही म्हणजे नुसता पोरखेळ, पण तारखा आहेत. मेच्या शेवटी एकदा दोन नर माना उभारून एकमेकांभोवती पीळ घालत होते. मला आधी तो प्रणय वाटला, ती कुस्ती निघाली. जूनच्या अखेरीस मादी कुजक्या लाकडात किंवा पालापाचोळ्याच्या ढिगात डझनभर अंडी घालते, तिथलं सडणं हीच त्यांची ऊब. चांगली जागा असली तर अनेक माद्या तिथेच येतात. अंडी घालून आई निघून जाते. दोनेक महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि त्यांना ससाणा, घुबड, रॅकून, किंगस्नेक, शिवाय मोटारी. वाचलं तर पंचवीस वर्षंही जगतात. पण वाढ सावकाश: कॅनडाच्या थंडीत मादी पहिल्यांदा अंडी घालेपर्यंत नऊएक वर्षं जातात. तिथे या सापाला आता कायद्याचं संरक्षण आहे. नऊ वर्षं जपलेली एक मादी रस्त्यावर चिरडली, तर तिची भरपाई एका पावसाळ्यात होत नाही.

ऑक्टोबरात ओकची पानं पडायला लागली की तो दिसेनासा होतो. डोंगराळ भागात हे साप खडकांच्या खोल भेगांत, जिथवर गोठण पोचत नाही तिथे, एकत्र थंडी काढतात. त्याच भेगेत कधी कॉपरहेड असतात, कधी खुळखुळे. एकमेकांना काही करत नाहीत. त्यावरून इथल्या जुन्या लोकांनी याला ‘पायलट ब्लॅक स्नेक’ नाव ठेवलं: हा म्हणे खुळखुळ्यांना वाट दाखवत बिळापर्यंत नेतो. तसं काही नसतं, वाट ज्याची त्यालाच माहीत असते. पण या एकाच नावात त्याला काही काम दिलंय, म्हणून मला ते आवडतं.

यंदा शेवटचा दिसला तो दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. लाकडाच्या खोपटामागे दुपारच्या उन्हात पसरला होता. जवळ कात पडली होती, डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्यांसकट आख्खी. मापली तर पाच फूट सात इंच. कात ताणली जाते, त्यातले काही इंच वजा धरावेत. आईला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली.

ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “आणि आता कुठे असतो?”

“जमिनीखाली. मार्च-एप्रिलपर्यंत.”

“पाच महिने? मग खातो काय?”

“काहीच नाही.”

“पाणी?”

मला माहीत नव्हतं. बघून सांगते, म्हटलं.